पहारीच्या पुडक्यावरचे टाके

पोलीस ठाण्याच्या समोर तीन दुकानं होती. एक झेरॉक्सचं, एक चहाचं, आणि दोघांच्या मधे दाराएवढ्या फटीत टाकेकाकूचं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि पाठ टेकायला भिंत. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं तर काकूला आधी उठून रस्त्यावर यावं लागे. गिऱ्हाईक जाडं असलं तर माप रस्त्यावरच.

मशीन नवऱ्याचं. नवरा गेला तेव्हा काकू चाळिशीची, शाळा दुसरीपर्यंत, आणि विद्या म्हणाल तर एवढीच की सुईत दोरा पहिल्या फटक्यात जायचा. नवऱ्याची जुनी गिऱ्हाइकं बाईमाणसाकडून पँट शिवून घ्यायला लाजली. मग उसवलेलं शिवा, आखूड करा, पोट सुटलंय तर सैल करा, असलं काम येत राहिलं. आणि त्यातच समोरच्या ठाण्याचं काम आलं, ते बावीस वर्षं चाललं. टाकेकाकू हे नाव त्या कामानेच पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदपत्रांवर तेवढं उरलं.

काम असं. पोलिसांनी कुणाला धरलं की त्याच्याकडे सापडलेली वस्तू उघडी ठेवायची नसते. ती मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडात गुंडाळायची, चारी बाजूंनी शिवायची, शिवणीवर तापलेली लाख ओतायची आणि वर ठाण्याची मोहोर दाबायची. कापडावर कागदाची चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर साहेबाची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. अशी पुडकी मग मुद्देमालाच्या खोलीत जाऊन बसतात आणि कोर्टाच्या तारखेची वाट बघतात. काही इतकी वाट बघतात की आरोपी म्हातारा होतो, फिर्यादी देवाघरी जातो, आणि पुडकं तेवढं ताठ असतं.

ठाण्यात कुणाला सुई धरता येत नव्हती असं नाही. पण एका हवालदाराने चाकू शिवताना स्वतःचा सदराही पुडक्याला शिवून घेतला, आणि तसाच साहेबांपुढे सलाम ठोकायला गेला. साहेब म्हणाले, "समोरच्या बाईला बोलवा."

ते साहेब बोलायला तिखट होते. पहिल्या दिवशी त्यांनी काकूला टेबलासमोर उभं केलं.

"बाई, हे कापड कशासाठी शिवायचं, ठाऊक आहे?"

"आतलं सांडू नये म्हणून."

"आत चाकू आहे. चाकू सांडतो का?"

काकूने टेबलावरचं कापड उचलून उलटसुलट बघितलं.

"आतलं बाहेर येऊ नये म्हणून नाही, बाहेरचं आत जाऊ नये म्हणून. आम्ही पोलीस. आमचं काम शोधायचं. दोष कुणाचा हे ठरवायचं काम कोर्टाचं. शोधणाऱ्यानंच तोलायला घेतलं तर माणसानं दाद मागायची कुणाकडे? आता शोधलेली वस्तू इथून कोर्टात जाईपर्यंत तिला कुणी हात लावला नाही, हे कोर्टाला कशावरून कळायचं? तुझ्या टाक्यावरून. आत कुणाचाही हात जाता कामा नये."

"तुमचा पण?"

"माझा आधी."

साहेब बोलून गेले आणि पुढच्या बदलीत निघूनही गेले. त्यांनी ते किती मनापासून सांगितलं होतं कोण जाणे. काकूने मात्र ते असं पोटात घेतलं की जसं काही तिला एकटीला सरकारी हुकूम झालाय. साध्या धावदोऱ्याचं एक टोक ओढलं की अख्खा दोरा हातात येतो. काकू घाली उलटी टीप. एक टाका पुढे, अर्धा मागे, आणि दर पाचव्या टाक्याला गाठ. गाठही वर नाही, शिवणीच्या पोटात दडवलेली. कापडाची खळ ती धूत नसे. खळीचं कापड कडक राहतं, टाका सरळ रेषेत पडतो. तिचं पुडकं उघडायचं तर कात्रीच लागे, आणि कात्री लागली की दिसे.

फौजदार बदलले, टाका बदलला नाही. एका फौजदाराने एकदा लाडात येऊन सांगितलं, "काकू, एवढी बोटभर जागा सोड. एक वस्तू राहिलीय, संध्याकाळी घालतो."

"आधी वस्तू आणा, मग शिवते."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे हो. दोराच संपतोय, अर्ध्यावर थांबता येत नाही."

फौजदार हसला, पण त्या दिवसापासून तिला चहा विचारीनासा झाला. दुसऱ्या एकाने तर चोरीचा जिवंत कोंबडाच शिवायला आणला, नियम म्हणजे नियम म्हणून. काकू म्हणाली, "श्वास घ्यायला भोक कुठे ठेवायचं ते साहेबांना विचारून या, आणि भोकावर सही कुणाची ते पण." कोंबडा मालकाला परत दिला. तीन वर्षांनी कोर्टाने कोंबडा हजर करा म्हटलं, तेव्हा तो कुणाच्या पोटात गेला ते कुणीच सांगेना.

काकूला एक धाकटी बहीण होती. पाठची, आईमागे काकूनेच वाढवलेली. तिचा नवरा कापडाच्या गोदामावर वॉचमन. साधा माणूस, आवाज न करता जेवणारा. एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गोदामावरचा हमालांचा मुकादम बनावट किल्ली घेऊन आला आणि गठ्ठे काढू लागला. वॉचमन आडवा आला. मुकादमाने हातातली लोखंडी पहार त्याच्या डोक्यात घातली. समोरून जाणाऱ्या एका भाजीवाल्याने ते पाहिलं आणि त्यानेच आरडाओरडा केला.

मेहुणा जगला. पण जगला म्हणजे काय, तर श्वास चालू राहिला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. कुणी काहीही म्हटलं की "हो" एवढंच म्हणे. दुखतंय का, हो. बरं वाटतंय का, हो. धाकटीला पहिले काही दिवस त्यात आशा वाटे.

तिसऱ्या दिवशी पहार सापडली, मुकादमाच्या खोपटात, पोत्यांखाली. तिला रक्त होतं, केस होते, आणि धरायच्या जागी बोटांचे ठसे होते. फौजदार ती कागदात धरून ठाण्यात आला. काकूला बोलावणं गेलं. टेबलावरचे केस तिने ओळखले. विरळ झालेले, कानाशी पिकलेले. फौजदार भला होता. म्हणाला, "काकू, नात्यातलं आहे. दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?"

"दुसरं कोण आहे तुमच्याकडे? तो सदरेवाला?"

तिने ते पुडकं स्वतः शिवलं. एरवी पाचव्या टाक्याला गाठ, त्या दिवशी तिसऱ्याला. लाख पडली, मोहोर बसली, सह्या झाल्या. घरी जाऊन तिने धाकटीला सांगितलं, "काळजी करू नको. त्यातून आता वारासुद्धा जायचा नाही."

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. तेवढ्या वेळात भाजीवाल्याच्या डोळ्यांत काय झालं कोण जाणे, कोर्टात तो म्हणाला की आपण त्या दिवशी त्या रस्त्याला गेलोच नव्हतो. मग मेहुण्याला चाकाच्या खुर्चीत बसवून साक्षीला नेलं. सरकारी वकिलाने विचारलं, "या माणसानं तुम्हाला मारलं का?" मेहुणा म्हणाला, "हो." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आरोपीचा वकील उठला. गोड आवाजात म्हणाला, "मी मारलं का तुम्हाला?" "हो." "या जज्जसाहेबांनी मारलं का?" "हो." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. जज्जसाहेबांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

राहिली पहार. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, रक्त वॉचमनचं, ठसे मुकादमाचे. सरकारी वकील धाकटीला म्हणाला, "ताई, पहार बोलेल. पहारीला आरोपीचा वकील काय विचारणार?" फक्त ही तीच पहार हे सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी शिवणाऱ्या बाईची साक्ष. दोन मिनिटांचं काम.

त्या तारखेला काकू धुतलेलं लुगडं नेसून दहालाच कोर्टात गेली. व्हरांड्यातल्या बाकावर तिघं ओळीने बसले. एका बाजूला धाकटी, मधे काकू, आणि पलीकडे मुद्देमालाच्या खोलीचा हवालदार. कमरेला एवढ्या किल्ल्या की चालला की भांड्यांचं दुकान पडल्यासारखं वाटे. त्याला सगळे कुलूपदादा म्हणत. माणूस पापभीरू, टापटिपीचा. खोलीतलं प्रत्येक पुडकं नंबराप्रमाणे, प्रत्येक नंबर रंगवलेला. पहारीचं पुडकं त्याच्या मांडीवर होतं, दवाखान्यात आणलेल्या पोरासारखं आडवं.

काकूने सहज पाहिलं. शिंपी माणूस दुसऱ्याचा सदरा बघतो तसं. प्रयोगशाळेचे लोक पुडकं एका टोकाने उघडतात आणि आपली मोहोर लावून ते टोक बंद करतात, हे तिला माहीत होतं. ते टोक तसंच होतं. उरलेल्या तीन बाजू तिच्या असायला हव्या होत्या.

"दादा, हे पहारीचंच ना?"

"मग काय, माझा डबा आहे?"

"हे मी शिवलेलं नाही."

कुलूपदादाच्या किल्ल्या वाजल्या. "हळू बोल."

"धावदोरा आहे हा. कुणी घातला?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सांगितलं, अर्धं लाजून आणि अर्धं, खरं सांगायचं तर, मिरवून. पहार प्रयोगशाळेत जायच्या आधी दोन महिने खोलीत पडून होती. त्या दिवसांत खोलीत उंदीर झाले. सहा पुडकी कुरतडली, एकातून सदऱ्याची बाही बाहेर लोंबत होती. आणि चार दिवसांवर मोठ्या साहेबांची तपासणी.

"तुला बोलवायला हवं होतं, कबूल. पण तू आलीस की शंभर फाटे. साहेबांना सांगा, साक्षीदार बोलवा, वहीत लिहा. वहीत उंदीर लिहिला की तो माझ्या नोकरीला लागला. म्हणून पुडकी घरी नेली. बायकोनं शिवली. कापड नवं, लाख नवी. मोहोर फौजदाराच्या टेबलावर असतेच पडलेली. चिठ्ठ्या वाफेवर धरून काढल्या आणि नव्या कापडावर लावल्या. सहाच्या सहा. एकही फाटली नाही, काकू."

"आणि पहार?"

"तीच. आईची शपथ. फडक्यानं धरून या कापडातून त्या कापडात घातली. मी काय खुळा आहे, ठशांना हात लावायला?"

काकूचा त्याच्यावर विश्वास बसला. घोळ तोच होता. तो लबाड असता, पैसे खाऊन पहार बदललेला असता, तर तिला राग तरी धरता आला असता. हा बिचारा आवरासावर करत होता.

"उंदराला तरी तिथं काय खायला मिळालं?" तिने उगाच विचारलं.

"खळ. तुझ्या त्या कडक कापडाची खळ."

काकूने हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली.

धाकटीने सगळं ऐकलं होतं. दोन वर्षांत ती दहा वर्षांनी थकली होती. सकाळी नवऱ्याला धुवायचं, भरवायचं, शेजारणीच्या भरवशावर टाकायचं आणि कामाला पळायचं. ती काकूच्या दंडाला धरून म्हणाली, "अक्का, पहार तीच आहे ना?"

"तीच असणार."

"मग तू शिवलंस म्हणून सांग."

"हे मी नाही गं शिवलेलं."

"त्या दिवशी शिवलं होतंस की नाही?"

"शिवलं होतं."

"मग तेवढं सांग. उंदराचं कोण विचारतंय?"

"शिवण दाखवून विचारतात."

"मग हो म्हण. एक हो. माझा माणूस दिवसाला पन्नास वेळा म्हणतो, त्याला काही होत नाही. तुला काय होणार आहे?" मग तिचा आवाज खाली आला. "त्यानं मारलं हे तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. त्याला स्वतःला ठाऊक आहे. एकट्या त्या जज्जाला ठाऊक नाही. त्याला सांगायला आपल्याकडे दुसरं काय उरलंय, तू सांग."

समोरच्या बाकावर मुकादम बसला होता. इस्त्रीचा सदरा. मोटरसायकलच्या किल्लीने कान कोरत होता, डोळे मिटून, मन लावून.

काकूने त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवलं. हो म्हणायचं. खोट्यासाठी खोटं वेगळं, खऱ्यासाठी खोटं वेगळं. ज्याने केलं त्याला शिक्षा होणार, निरपराधाला नाही. बावीस वर्षं टाका सांभाळला, आज एकदा डोळा झाकायचा. कुलूपदादाही हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, माझी पोरगी लग्नाची आहे." म्हणजे त्याचंही भलं, धाकटीचंही भलं. एका शब्दात दोन घरं सावरत होती. असा शब्द कुणाला रोज मिळतो?

हाक आली. शपथ झाली. काकू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती.

सरकारी वकील घाईत होता. "बाई, तुम्ही शिवणकाम करता. त्या तारखेला फौजदारांच्या समोर तुम्ही पहारीचं पुडकं शिवलं?"

"हो."

"हे ते पुडकं. शिवण बघा. तुमचीच ना?"

पुडकं तिच्या हातात दिलं. तिथे चूक झाली. लांबून दाखवलं असतं तर ती हो म्हणाली असती. पण कापड हातात आलं आणि अंगठा आपणहून शिवणीवरून फिरला, जसा बावीस वर्षं फिरत आला होता. पाच टाके झाले, गाठ नाही. दहा झाले, गाठ नाही. सैल, लांब, घाईचे टाके. ह्यात कोणीही कधीही हात घालावा आणि काढावा. तिला फौजदाराची ती बोटभर जागा आठवली. आज ह्या टाक्यांना माझे म्हटलं, की उद्या कोणीही कसलंही पुडकं पुढे करणार, आणि काकू हो म्हणते हे ठाण्यात सगळ्यांना माहीत असणार. त्या पुडक्यामागे बसलेला माणूस खराच चोर असेल की नसेल, तिला विचारायला कोण येणार होतं?

पण हा विचार तिने नंतर केला, पुष्कळ दिवस केला. त्या वेळी अंगठा थांबला आणि तोंड बोललं.

"नाही."

वकिलाने पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. तो थांबला. "काय नाही?"

"शिवण माझी नाही."

"नीट बघा. चष्मा लावा."

"चष्मा दोरा ओवायला लागतो. टाका बोटाला कळतो. मी उलटी टीप घालते. हा धावदोरा आहे."

जज्जसाहेबांचं लिहिणं थांबलं. "काय फरक असतो त्यात?"

"ते टोक ओढून बघा, साहेब."

जज्जसाहेबांनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने नखाने टोक धरून ओढलं. लाखेच्या दोन ठिपक्यांमधला दोरा वीतभर सरळ त्याच्या हातात आला, आणि फटीतून आतल्या लोखंडाची काळी कड सगळ्या कोर्टाला दिसली. लाख जागच्या जागी. मोहोर जागच्या जागी. सह्या जागच्या जागी.

आरोपीचा वकील सावकाश उठला. घाई करायचं त्याला आता कारण नव्हतं.

"बाई, जखमी वॉचमन तुमचा कोण?"

"माझी धाकटी बहीण त्याला दिली आहे."

"म्हणजे आरोपी सुटावा असं तुम्हाला वाटत नाही."

"अजिबात वाटत नाही."

"तरी हे सांगताय."

"विचारलंत म्हणून."

"बरोबर. आता एकच सांगा. आत जी पहार आहे ती तुम्ही शिवली तीच आहे, हे शपथेवर सांगाल?"

काकूने दाराकडे पाहिलं. कुलूपदादा दाराशी उभा होता, किल्ल्या मुठीत घट्ट धरून, वाजू नयेत म्हणून. त्याने आईची शपथ घेतली होती. पण ती त्याची आई, त्याची शपथ.

"तीच असेल."

"असेल, की आहे?"

काकूला पुष्कळ सांगायचं होतं. उंदराचं, तपासणीचं, चिठ्ठी न फाटल्याचं. पण तिला एका शब्दाचं उत्तर विचारलं होतं आणि खरं म्हणावं असं एकच तिच्याकडे होतं.

"असेल," ती म्हणाली.

बाहेर आली तेव्हा बाकावर धाकटी नव्हती. डब्याची पिशवी विसरून गेली होती.

निकाल चार महिन्यांनी लागला. पंचवीस पानं. झेरॉक्सवाल्याने काकूला त्यातलं वाचून दाखवलं. आरोपीने गुन्हा केलाच नाही असं कोर्ट म्हणत नाही, पण केला हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागतो. एका पानावर काकूही होती. शिवणकाम करणाऱ्या या साक्षीदार बाईने स्वतःच्या नात्याविरुद्ध जाऊन सत्य सांगितलं, तिची साक्ष पूर्ण विश्वासार्ह. पंचवीस पानांत चांगलं म्हटलेलं माणूस एकच होतं. झेरॉक्सवाला म्हणाला, "काकू, या पानाची प्रत काढून देऊ का? फ्रेम कर." तो चेष्टेने बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

कुलूपदादाची चौकशी झाली. त्याला सक्त ताकीद मिळाली, म्हणजे एक कागद. पण मोठ्या साहेबांच्या त्या तपासणीत त्याच्या खोलीला स्वच्छतेबद्दल पहिला नंबर आला होता, त्याचंही प्रमाणपत्र होतं. ताकीद फाइलमधे गेली आणि प्रमाणपत्र भिंतीवर राहिलं. मुलीचं लग्न ठरल्या तारखेला झालं. काकूला पत्रिका आली नाही.

ठाण्यातून तिला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. बोलावणंच बंद झालं. काही दिवसांनी प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, कडेची पट्टी ओढली की चिकटतात आणि उघडलं तर 'उघडलं' असं त्यावर उमटतं म्हणे. चांगली सोय. एका पिशवीची पट्टी तिने चहाच्या दुकानात बसून बघितली आणि मनातल्या मनात मान्यही केली.

मुकादम एका सकाळी दुकानासमोर उभा राहिला. हातात पँट.

"मावशी, कंबर जरा सैल करायची आहे. कोर्टाच्या चिंतेतून सुटलो, अंगाला लागलं."

काकूने मान वर केली नाही.

"आणि एक सांगायचं होतं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून न्याय टिकून आहे. मी सगळ्यांना सांगतो. हमालांना पण सांगितलं, बाई असावी तर अशी."

"मी तुझ्यासाठी बोलले नाही."

"कुणासाठी का बोलल्या असेनात. कामी मला आलं."

"तूच मारलंस ना त्याला?"

मुकादमाने चहावाल्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मग गंभीर तोंड करून म्हणाला, "कोर्ट काय म्हणालं?"

"सिद्ध झालं नाही म्हणालं."

"मग तुम्ही कोर्टापेक्षा मोठ्या का, मावशी?"

तिने पँट त्याच्या हातात परत दिली. "सैल होणार नाही. आत कापड ठेवलेलं नाही."

"कापड आहे की. दोन बोटं आहे."

"दिसतंय मला. होणार नाही."

तो हसत पुढच्या गल्लीतल्या टेलरकडे गेला. तिथे झाली असेल.

धाकटीकडे काकू त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती, डब्याची पिशवी द्यायला. दार उघडलं नाही. आठ दिवसांनी गेली, दार उघडलं, पिशवी आत गेली, दार लागलं. त्यानंतर तिने जाणं सोडलं नाही. बोलायला नाही जायची. दर दोन दिवसांनी मेहुण्याला आंघोळ घालायची असे, आणि शरीर जड झालेलं. एका बाईला ते उचलणं जमत नाही. शेजारीण चार महिने आली, मग तिच्या पाठीत भरलं. त्यानंतर एकदा काकू दाराशी उभी राहिली तेव्हा धाकटीने दार उघडं टाकलं आणि आत निघून गेली. काकूने चपला काढल्या.

आताही तसंच चालतं. काकू सकाळी साडेसहाला येते. धाकटी पाणी काढून ठेवते. मेहुण्याला खुर्चीतून मोरीतल्या पाटावर घ्यायचं असतं.

"काखेतून धर," धाकटी म्हणते.

काकू धरते.

"वर."

दोघी मिळून उचलतात. अक्का ही हाक त्या दिवसापासून बंद आहे. लागेल तेवढंच बोलणं होतं, आणि ते काकूला नाही, कामाला होतं. साबण. तांब्या. मान धर. कानामागे डोक्याला जिथे खोक होती तिथे केस पुन्हा आलेले नाहीत, ती जागा धाकटी स्वतः धुते, काकूला धुऊ देत नाही.

एकदा, मेहुण्याला पुसता पुसता, काकू म्हणाली, "मी हो म्हणायचं ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं."

धाकटीने टॉवेल पिळला. बराच वेळ पिळत राहिली, त्यातलं पाणी संपलं तरी.

"ठरवलं होतंस," ती म्हणाली. "आता पाय धर."

काकूने पाय धरले.